शिवबाईला निकाल पाहिजे होता

वळसंगच्या त्या आळीत पिठाची गिरणी एकच, हिंदुरावाची. त्याचा धाकटा भाऊ वारला आणि वर्षाच्या आत भावाच्या विधवेनं, शिवबाईनं, आपल्या वाटणीच्या जागेत दुसरी गिरणी टाकली. तिचं पीठ बारीक, तोंड मात्र भरड. तरी बायका ज्वारीचे डबे घेऊन तिच्याच दारात बसू लागल्या. हिंदुरावानं कोर्ट गाठलं.

आधी म्हणे गिरणीच्या आवाजानं झोप लागत नाही. मग म्हणे तिच्या गिरणीची भिंत त्याच्या जागेत आली. मग बायकोच्या नावानं वाटेचा दावा. दर तारखेला शिवबाई गिरणीला कुलूप घालून सोलापूरची एसटी धरायची. पुरावा द्यायची वेळ आली की हिंदुरावाचा वकील दावा मागं घ्यायचा. हरायचं नाही, पण हिची गिरणी बंद पाडायची, एवढाच डाव.

चौथं समन्स आलं ते हिंदुरावाच्या मोहोळच्या मेव्हण्यानं, प्रभूनं, घातलेल्या दाव्याचं. भिंत तीच.

"गिरणी इकून मोकळी हो," जाणत्यांनी समजावलं.

"नवरा मेलाय माजा, मी न्हाय," शिवबाई म्हणाली.

कोर्टात हिंदुरावाचाच वकील नेहमीसारखा उठला. दावा मागे घेतो, पुन्हा दाखल करायची मुभा असावी. शिवबाईची वकील पायल उठायच्या आत शिवबाईच उभी राहिली.

"सायब, मागं घिऊ दिऊ नका."

शिपायानं बसायची खूण केली. ती बसली नाही.

जज्जसाहेबांनी विचारलं, "दावा जातोय, तर तुमची हरकत काय?"

"जात न्हाय की. नाव बदलून परत येतोय. मला निकाल पायजे."

पायलनं आधीच्या तिन्ही दाव्यांचे कागद पुढं ठेवले. साहेबांनी प्रभूला विचारलं, "भिंत कुठल्या अंगाला आहे?" प्रभू हिंदुरावाकडं बघत राहिला.

दुपारी निकाल लागला. मुभा नाही, दावा खर्चासह फेटाळला. नावं बदलून तेच भांडण पुन्हा आणणं म्हणजे न्यायप्रक्रियेचा गैरवापर, असं साहेबांनी स्वच्छ लिहिलं.

बाहेर हिंदुराव गुरगुरला, "वर हायकोर्ट हाय."

"असू द्या की. तितं बी एसटी जाती."

तो गेला नाही. हल्ली वाटेत दिसली की तोंड फिरवतो. शिवबाई मुद्दाम मोठ्यानं विचारते, "भावजी, जेवला का?"