बॉबी जगला तर काका जगणार

गेल्या महिन्यात भावाचा फोन आला, "काका गेले गं." त्रियोलेहून ब्रीझे वेर्दिएरला काकांच्या घरी जाताना बसमध्ये राहून राहून एकच मनात येत होतं, हा माणूस जन्मभर घाबरत जगला! वादळाला घाबरायचे, विजेला घाबरायचे, कचेरीतल्या साहेबाला घाबरायचे आणि सगळ्यांत जास्त कुत्र्याला. मोंतान्य ब्लांशला माझ्या माहेरी आले की फाटकाबाहेरूनच ओरडणार, "बांधलात का रे त्याला?" तो म्हणजे माझा बॉबी. शेपूट हलवण्यापलीकडे त्या बिचाऱ्याला काही येत नव्हतं.

पणजोबांनी कोकणातून ह्या बेटावर येताना सोबत काय आणलं कोण जाणे, पण पिसाळलेल्या कुत्र्याची गोष्ट नक्की आणली. चावलेला माणूस पाणी बघून कसा किंचाळतो, कसा मरतो... ती ऐकून आमच्या घरातली सगळीच माणसं टरकून असायची.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट, मी तेव्हा शाळेत होते. पाऊस पडून गेला होता आणि काका आमच्याकडे आले होते. बॉबी उसातून झोकांड्या खात आला, तोंडाला पांढरा फेस. शेजारी किंचाळला, "आयो! लाराझ, लाराझ!" म्हणजे पिसाळला. बाबांनी कोयता उचलला. मी बॉबीकडे धावले, काकांनी मला मागे खेचलं आणि त्या ओढाताणीत बॉबीचा दात काकांच्या मनगटात घुसला.

काका भिंतीसारखे पांढरे पडले. बाबा कोयता घेऊन पुढे झाले, तसे काका ओरडले, "दादा, मारू नकोस! तो जगला तर मी जगणार. मेला तर मीही गेलो!" दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवायची, हे त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. बॉबीला गोणीत घालून ते त्याच संध्याकाळी आपल्या घरी घेऊन गेले. कुत्र्याला हात न लावणारा माणूस! काका मरतील की बॉबी, की दोघंही?

दहा दिवस गेले. बॉबी खात होता, भुंकत होता. मी आणायला गेले तर काका म्हणाले, "एवढ्यात नको, पोरी. हा रोग वर्षांनीसुद्धा उठतो." मी रडले, आदळआपट केली, उपयोग शून्य. पुढे लग्न होऊन त्रियोलेला आले आणि मागणंच सोडलं. रविवारी बसनं भेटायला जायचे, तर बहुतेकदा काका बॉबीला घेऊन कुठंतरी बाहेर गेलेले असायचे.

पण काकांचा धसका काही गेला नाही. बॉबीच्या कानामागून गोचिडी काढून रॉकेलच्या डब्यात टाकायचे. खरूज झाली तर रोज मलम, जंतांचं औषध बटाट्यात लपवून. पाणी प्यायला की घशाकडे टक लावून बघायचे. जरा सुस्त दिसला की मला फोन, "सुमन, हिरड्या पांढऱ्या दिसतात गं... संपलो मी!" म्हातारपणी बॉबीला खोकला लागला. डासांमुळे हृदयात जंत झालेत, असं डॉक्टर म्हणाले. तो एकदा खोकला की काका खुर्चीतून दोनदा उठायचे. दोन हिवाळ्यांपूर्वी बॉबी गेला. "आता तुमचं काही खरं नाही, काका," माझा भाऊ थट्टेनं म्हणाला. काका हसले नाहीत.

तेराव्यानंतर काकी आणि मी मागच्या ओसरीवर बसलो होतो. मी म्हटलं, "त्या चाव्याची भीती शेवटपर्यंत गेली नाही बघा."

"चाव्याची? अगं, दुसऱ्याच दिवशी वेतेरिनेरकडे नेलं होतं ना बॉबीला. तो गुरांचा डॉक्टर हसायलाच लागला. ह्या बेटावर तो रोगच नाही म्हणाला. क्रापो तोंडात धरला असेल, त्या बेडकाच्या विषानं फेस आला."

"मग मला का नाही सांगितलं?"

"त्या रात्री बॉबी ह्यांच्या पायावर डोकं ठेवून झोपला. हे हललेच नाहीत. म्हणाले, खरं कळलं तर पोरगी उद्याच न्यायला येईल."

त्या उठल्या आणि मागच्या खोलीचं दार त्यांनी उघडलं. दाराला आतून भलीमोठी कडी होती.

"रविवारी तुझी बस आली की बॉबीला घेऊन इथं बसायचे, कडी लावून. थरथरत असायचे गं... तुला घाबरून."