सासूबाईंचे गुडघे आणि माझा खुबा

माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांवर मी जळते. एकदाचं सांगून टाकलं, बरं वाटलं.

त्यांचे दोन्ही गुडघे सत्तरीत बदलले. माझा उजवा खुबा एकतिसाव्या वर्षी, लेक जेमतेम वर्षाची असताना. बाळंतपणानंतरच्या आजारात घेतलेल्या औषधांनी तिथलं हाड आतून मेलं, असं डॉक्टर म्हणाले. सासूबाई वॉकर सोडून चालायला लागल्या तेव्हा विचुंब्यातली आमची अख्खी सोसायटी कौतुकाला आली. मी चालायला लागले तेव्हा त्याच बायकांनी विचारलं, "अगं बाई, या वयात? पडलीबिडलीस का?"

तशी मी तक्रार करू नये. पूर्वी रडत जिने चढायची. आता ऑफिसला जाते, भाजीच्या पिशव्या आणते, कुशीवर झोपते. फक्त जमिनीवर बसायला बंदी. मांडी नाही, उकिडवं नाही, पाट नाही. डॉक्टर सासूबाईंना म्हणाले, "आजी, आता मजा करा." मला म्हणाले, "जपून वापरा. तुम्हाला हा खूप वर्षं पुरवायचाय. पुढे कधीतरी पुन्हा बदलावा लागेलच." म्हणजे त्यांनी शालू नेसून मिरवायचं आणि मी घडी मोडायची नाही!

यंदाच्या संक्रांतीला तीन वर्षांच्या लेकीचं बोरन्हाण करायचं ठरलं. आधीची वर्षं माझ्या दुखण्यात गेली होती, म्हणून मला ते हवंच होतं. काळा फ्रॉक मी आणला, हलव्याचे दागिने मी स्वतः ओवले. बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे परातीत तयार. शेजारच्या बायका आणि पोरं जमली, आणि लेकीने भोकाड पसरलं. पाटावर एकटी बसेना. "मांडीवर!" एवढंच.

मी म्हटलं, "पाट राहू दे. मी खुर्चीत बसून हिला मांडीवर घेते."

"छे गं! बोरन्हाण पाटावरच होतं. खुर्चीत कधी कुणी केलंय का?" बायका म्हणाल्या. आणि मी, ऑफिसात सगळ्यांशी भांडणारी, तिथे मात्र नंदीबैलासारखी मान डोलावली.

तेवढ्यात सासूबाई भिंत धरून खाली बसायला लागल्या.

"आई! तुम्हालाही बंदी आहे!"

"हाय ना बंदी. पण मला काय शंभर वर्षं चालायचंय? माजे गुडघे मीच झिजवणार. मेल्यावर काय लोणच्यात घालू?"

त्या मूळच्या आपटा गावच्या. खुशीत आल्या की माहेरची बोली बाहेर येते. पाय पसरून त्या पाटावर बसल्या, लेक त्यांच्या मांडीत शिरली आणि क्षणात गप्प झाली. मी उभ्या उभ्या वरून बोरं ओतली. खरं सांगू? एक मूठ जरा जोरातच पडली, आणि ती लेकीच्या डोक्यावर नाही.

नंतर त्यांना उठवायला तीन बायका लागल्या, तेव्हा मला बरं वाटलं. वाटू नये, पण वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीने बाहुलीचं बोरन्हाण मांडलं. बाहुली स्टुलावर बसवलेली.

"अगं, पाटावर बसव ना तिला."

"ही आई आहे. आईला खाली बसायचं नसतं."

"मग बाळ कुठंय?"

"बाळ आजीकडे."

मी खुर्ची ओढली, उरलेल्या चुरमुऱ्यांची वाटी घेतली आणि मांडी थोपटली. "ये, आपण खुर्चीत करू. खुर्चीतपण होतं बोरन्हाण. कोण म्हणतं होत नाही?"

तिने खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वाटीतले दोन चुरमुरे तोंडात टाकले.

"थांब हां," ती म्हणाली, "आजीला विचारून येते."