सोनं कुठून येतं

बाबा गेल्यानंतर आई विचारलेल्याला उत्तर द्यायची, आपणहून मात्र काही बोलायची नाही. मी इकडे हिंदी मुलखात, मुरारच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. घरी येऊन वर्गातल्या गमती सांगायचे. ती मान डोलवायची आणि भाजी निवडायला बसायची.

दिवाळीच्या तोंडावर ती अचानक म्हणाली, "माझ्या मंगळसूत्राच्या वाट्या आटवून घेऊ. पोरीला कानातलं होईल."

पोरगी म्हणजे माझी लेक. मला ते रुचलं नाही. "राहू दे ना, बाबांची आठवण आहे."

"कपाटात ठेवून कसली आठवण? तिच्या कानात निदान दिसेल तरी."

आम्ही तिघी सराफ्यात गेलो. दुकानदार जुन्या ओळखीचा. त्यानंही एकदा विचारलं, "माताजी, सच में गला दें?"

"सोच के ही आई हूँ," आई म्हणाली.

मागच्या खोलीत कारागिरानं वाट्या मुशीत टाकल्या आणि त्यांच्यावर ज्योत धरली. आधी त्यांचे काठ ढिले पडले, मग दोन्ही एकमेकींत विरघळल्या आणि मुशीच्या तळाशी एक चमकता थेंब थरथरत राहिला. मला भरून आलं. आई मात्र डोळे बारीक करून बघत होती.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर तिनं विचारलं, "हे सोनं मुळात येतं कुठून गं?"

"खाणीतून."

"ते मलाही ठाऊक आहे. खाणीत कुठून आलं?"

कितीतरी महिन्यांनी तिनं स्वतःहून काही विचारलं होतं. तिथंच उभ्या उभ्या मी सांगितलं, की विझलेले दोन अतिशय जड तारे एकमेकांभोवती फिरत फिरत शेवटी आदळतात आणि त्या धडकेत सोनं तयार होतं. ते अवकाशात उधळतं. पृथ्वी घडली तेव्हा असलंच सोनं तिच्यात मिसळलं.

"सगळं सोनं असंच झालं?"

"तिथंच घोडं अडलंय. एवढ्या धडकांनी भागत नाही असं बऱ्याच जणांना वाटतं. आणखी कुठंतरी तयार होत असणार. कुठं, ते अजून नक्की नाही."

"म्हणजे तुम्हा शिकलेल्यांनाही माहीत नाही?"

"नाही."

"मग बरं आहे," ती म्हणाली. "मला वाटायचं, जगातलं सगळं सगळ्यांना कळलंय. हे असे मधेच उठून का गेले, तेवढंच मला एकटीला कळत नाही."

मी म्हणाले, "आई, हे दोन प्रश्न सारखे नाहीत. ताऱ्यांचं कधीतरी कळेल."

"नसू देत सारखे. पण सोबत तर झाली?"

लेक तेवढ्यात म्हणाली, "आजी, तू तो गज़ब है!" आणि आई खुदकन हसली.

दिवाळीनंतर ती माझ्या वर्गात येऊन बसली, अगदी शेवटच्या बाकावर, शाल लपेटून. त्या दिवशी विषय होता न दिसणाऱ्या द्रव्याचा. दीर्घिकांमधले तारे इतक्या वेगानं फिरतात, की त्यांना धरून ठेवायला दिसतं त्याहून खूप जास्त द्रव्य लागेल. आणि ते कशाचं आहे, हे कुणालाच माहीत नाही. परतताना ऑटोत मला धास्ती होती, की आता ही म्हणणार, 'तो देवच असणार', नाहीतर बाबांचं काही काढणार. तिनं विचारलं, "पण न दिसणाऱ्याचं वजन कसं काढता?"

मी घरापर्यंत समजावत राहिले. तिला अर्धंच पटलं. चहा टाकून मी बाहेर आले, तर तिनं इंदूरच्या मावशीला फोन लावला होता आणि मोठ्या आवाजात सांगत होती, "अगं, आधी ऐकून तर घे! कुणालाच माहीत नाहीये!"