अक्षरछाप बंद करायला मी शिरवण्याला गेले

साताऱ्याहून नवी मुंबईला लोक नोकरीला जातात, लग्नाला जातात. मी गेले एका ॲपचा निकाल लावायला.

‘अक्षरछाप’ हे माझं छोटंसं ॲप. लाकडी खोक्यांवर रंगाने नावं छापायची तर आधी प्लास्टिकच्या शीटमध्ये अक्षरं कापावी लागतात. त्या कापणीचा आराखडा हे ॲप करून देतं, ‘ठ’च्या पोटातला गोल गळून पडू नये म्हणून मध्ये पट्ट्याही ठेवतं. ते फुकट आहे, त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, आणि विंडोजऐवजी लिनक्स वापरणाऱ्यांच्या सामायिक ॲप स्टोअरमध्ये ते मिळतं. तिथे ॲप तपासणारे बहुतेक स्वयंसेवकच. सांभाळायचं मात्र ज्याचं त्याने. म्हणजे मी, शाळेतले संगणकाचे तास आटोपल्यावर.

मध्यंतरी तिथल्या एका तपासनिसाने लिहिलं, तुमचं ॲप माणसाचा अख्खा कॉम्प्युटर बघू शकतं, हे बरं नाही. मला पटलं. मी परवानग्या आवळल्या, फक्त होम फोल्डर, म्हणजे माणसाच्या स्वतःच्या फाइलींची कॉम्प्युटरमधली जागा, दिसेल असं केलं आणि मोठ्या ऐटीत नवी आवृत्ती सोडली. आठवड्याच्या आत पहिली तक्रार आली: ‘अपडेट झालं आणि सगळे छाप गेले.’ मग आणखी तिघांची. माझ्याकडे सगळं व्यवस्थित चालत होतं, त्यामुळे मी पहिल्या तक्रारदार बाईंकडे चुकांची नोंद मागितली. त्या नवी मुंबईतल्या शिरवण्याच्या सुमनताई; त्यांनी उत्तरात फक्त पत्ता पाठवला आणि खाली लिहिलं, ‘इकडंच ये.’

मी पार वैतागले होते. ठरवलं, जायचं, बाईंच्या फाइली वाचवून द्यायच्या, माफी मागायची आणि ॲप स्टोअरमधून कायमचं काढून घ्यायचं. निरोपाचा मजकूर लिहून लॅपटॉपवर तयार ठेवला.

पहाटेची एसटी पकडलीत तर उन्हाच्या आत पोचता. खायला घरून न्या, एक्सप्रेसवेवरचा वडा महागही आहे आणि गारही. नेरूळला बस पुलापाशी थांबते, त्या थांब्याला सगळे ‘एलपी’ म्हणतात. कंडक्टर मागे वळून ओरडला, “एलपीवाले फुडं या! गाडी लई थांबनार न्हाय!” शेजारच्या तरुणाला मी शिरवण्याचं विचारलं. “रिक्षा पकडा मॅडम, मीटरने. दहा मिन्टं. टेन्शन नाय.”

एकीकडे एमआयडीसीतले ट्रक, दुसरीकडे गाव. गल्ल्या इतक्या अरुंद की रिक्षावाल्याने आरसा आत वळवला. चार मजली घरांच्या मागे सुमनताईंचा गाळा सापडला. इथे यंत्रांसाठी लाकडी खोकी बनतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचा छाप वेगळा. सुमनताई साठीच्या, कपाळावर मोठं कुंकू. त्यांची जाऊ कुंदाताई कापणीच्या मशीनवर बसते.

“तूच काय ती? मला वाटलं कोनी बापय मानूस असंल,” सुमनताई म्हणाल्या. “बस बाय. पानी पी आधी.”

मी फाइली कुठे आहेत ते विचारलं. सुमनताईंनी चपला काढल्या, हात धुतले आणि भिंतीवरच्या देव्हाऱ्यातून पेन ड्राइव्ह उचलून आणला. टोपणावर हळदकुंकू.

“दिवाबत्ती झाली का रोज हितंच ठेवतो,” कुंदाताई म्हणाली. “आमच्या सगल्या गिऱ्हाइकांचे छाप हायत त्यात. चोर आला तरी देवाला हात नाय लावनार.”

मला हसू आलं आणि लगेच ओशाळायला झालं. पेन ड्राइव्ह होम फोल्डरच्या बाहेर असतो. मी परवानगी काढून घेतली आणि माझ्या ॲपला तो दिसेनासा झाला. फाइली जागच्या जागी होत्या. मी एकदाही पेन ड्राइव्हवरून चालवून बघितलं नव्हतं, कारण मी तसं कधी ठेवतच नाही.

मी म्हटलं, “ताई, हे ॲप मी आता बंद करणार आहे, पण पाच मिनिटांत फाइली इकडे कॉपी करून देते. काम सुरू होईल.”

“आमचं व्हईल,” त्या म्हणाल्या. “बाकीच्यांनी पन लिवलंय ना खाली? त्यांच्याकडं पन बसनं जानारेस काय?”

मी लॅपटॉप उघडला.

जुनी परवानगी परत देणं ही सोपी वाट होती. मी दुसरी धरली. फोल्डर निवडायची खिडकी ॲपऐवजी सिस्टिम उघडेल. माणूस त्यात ज्या फोल्डरवर बोट ठेवेल, तेवढाच ॲपला दिसेल, मग तो कुठेही असो. म्हणजे होम फोल्डरचीही परवानगी नको. फोनच्या नेटवरून बदल पाठवला. स्टोअरच्या सर्व्हरवर कोडमधून ॲप बांधलं जातं; पहिली बांधणी एका राहून गेलेल्या स्वल्पविरामामुळे आपटली. दुसरी हिरवी झाली, म्हणजे पास. ती चाचणीची आवृत्ती कुंदाताईच्या कॉम्प्युटरवर टाकली, पेन ड्राइव्ह निवडला, छापांची यादी सरसर खाली आली. “आले गो!” कुंदाताई ओरडली.

मग तपासनिसाची वाट बघणं. तोवर तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. ती चटणी खायला पुन्हा एवढा प्रवास करायची माझी तयारी आहे.

“यात तुला मिलतं काय?” सुमनताईंनी विचारलं.

“काही नाही.”

“तरी येवढी खपलीस. आनि बंद करायचं म्हनत हुतीस.” त्यांनी आणखी एक भाकरी वाढली.

तपासनिसाचं उत्तर आलं: ‘आधीपेक्षा कमी परवानग्या आणि जास्त सोय. मंजूर.’ चारच्या सुमारास कुंदाताईच्या पडद्यावर रीतसर अपडेट आलं, जगातल्या कोणालाही आलं असतं तसंच. शीट कापून झाली, खोक्यावर ठेवली, काळा रंग फिरवला. बाण आणि खाली ‘ही बाजू वर’. माझा ‘ह’ इतका देखणा मी कधीच पाहिला नव्हता. छाती फुगली, सरळ सांगते. रात्री मुक्कामाला नेरूळला मावसबहिणीकडे गेले. जेवताना फोन बघितला, तर उरलेल्या तिन्ही तक्रारींखाली ‘चाललं’ लिहिलेलं होतं. मी तिला तिन्ही उत्तरं मोठ्याने वाचून दाखवली.

घरी येऊन निरोपाचा मजकूर पुसला. आता नवी आवृत्ती सोडायच्या आधी मी ती पेन ड्राइव्हवरून चालवून बघते. तो पेन ड्राइव्ह आमच्या देव्हाऱ्यात असतो. मी फारशी देवभोळी नाही, पण उचलताना चपला काढते.