आईचं कडवं

आमच्या गावाला पाणी सोडणाऱ्या काकांइतका हट्टी माणूस चौल-रेवदंड्याच्या अख्ख्या पट्ट्यात झाला नसेल. नळ सहाला म्हणजे सहाला. सरपंचांच्या घरी लग्न असलं तरी पाच मिनिटं आधी थेंब मिळायचा नाही. "पानी काय पावना हाय, लवकर यायला?" हे ठरलेलं उत्तर. मोहल्ल्यात सलाम, कोळीवाड्यात रामराम, स्वतःच्या बौद्धवाडीत जय भीम. आणि चुकून एकाचं दुसऱ्याला गेलं, तर अर्ध्या वाटेवरून परत येऊन दुरुस्त करणार. त्यांचा डफ घरातल्या एकुलत्या खुर्चीत बसतो. पाहुणा ओट्यावर.

स्वातंत्र्यदिनाच्या आमच्या कलामहोत्सवात कोळ्यांचा नाच, मोहल्ल्यातली कव्वाली, कोर्लईच्या ख्रिस्ती मंडळींची गाणी असं सगळं असतं आणि शेवटी काकांचं गाणं. दरवर्षी तेच. त्यात एक कडवं त्यांच्या आईचं: रिकामी कळशी घेऊन ती विहिरीपाशी उभी आहे, कुणी वरून ओतेल म्हणून. विहीर कोणाची, हे गावाला ठाऊक आहे. यंदा त्याच घरातला नातू महोत्सवाचा अध्यक्ष झाला आणि "आनंदाच्या दिवशी जुनं कशाला उकरायचं?" असं ठरलं. स्वातंत्र्याच्या उत्सवात काय गायचं नाही, ते सांगायला काकांकडे गेलो मी, समितीचा चिटणीस.

काकांनी खुर्चीतला डफ उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाले, "गाळतो. पन आयची जागा दुसऱ्या कोनाला देनार न्हाय, मास्तर."

स्टेजवर दोन कडवी झाली आणि काकांनी तोंड मिटलं. डफ मात्र चालूच. पूर्ण एका कडव्याएवढा वेळ ते नुसते वाजवत उभे राहिले. "म्हातारा विसरला!" कुणीतरी हसलं. लोकांनी धीर द्यायला टाळ्यांचा ठेका धरला. अध्यक्ष मोठ्या मायेनं ओरडले, "अरे, काकांना पाणी द्या!" बाटली वर गेली. काकांनी ती घेतली नाही; शेवटचं कडवं म्हटलं आणि खाली उतरले.

गाळलेलं कडवं मला तोंडपाठ आहे. पहिल्याच रांगेत बसून मीही टाळ्याच वाजवत होतो. लाज वाटली, पण हात थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बंदराच्या रस्त्यावर काका भेटले. रागावलेले नव्हते, रागावले असते तर बरं झालं असतं.

"मास्तर, तुमाला तरी कललं ना? मी आयला विसरलो नव्हतो."

"कळलं, काका," मी म्हणालो. चांगलं मोठ्यानं म्हणालो. रस्त्यावर तेव्हा दुसरं कुणीच नव्हतं.