दोन डाव्या ग्रिपा

आमच्या हिचे डोंबिवलीचे मामा जगात एकाच गोष्टीवर मनापासून विश्वास ठेवतात, आणि ती म्हणजे मोटारसायकलची ग्रिप. हँडलच्या टोकाला जे रबर असतं, जे आपण रोज मुठीत धरतो आणि ज्याच्याकडे जन्मात कधी बघत नाही, तेच ते. मामांची नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका रबराच्या कारखान्यात झाली, पण त्या कारखान्यावर खापर फोडण्यात अर्थ नाही. तिथूनच निवृत्त झालेली बाकीची माणसं शहाण्यासारखी बागेत बसून राजकारण बोलतात. मामा मात्र सोसायटीच्या पार्किंगमध्ये फिरत लोकांच्या ग्रिपा दाबून बघतात, बाजारात आपण वांगी दाबून बघतो ना, तशा.

मी हिला बघायला गेलेलो तेव्हा सगळे पोहे खात माझ्याकडे बघत होते आणि मामा तेवढे गायब होते. थोड्या वेळाने ते रुमालाला हात पुसत वर आले आणि माझ्या देखत माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाले, "उजवी ग्रिप फार घासलेली नाही. मुलगा उगाच गाडी पिरगाळत नाही. द्यायला हरकत नाही." माझं शिक्षण, माझी नोकरी, आमचं साताऱ्याकडचं घर, यातलं पुढे कुणी काही विचारलंच नाही. मी आईला घरी येऊन सांगितलं की मला रबरावर पास केलंय.

एकदा त्यांना मागे बसवून मी ठाण्याला निघालेलो. खोपटच्या सिग्नलला शेजारी एक पोरगा येऊन थांबला, त्याच्या हँडलला नुसती काळी टेप गुंडाळलेली. मामांनी मागूनच हात लांब करून त्याची टेप चाचपली. पोरगा भडकला. "ओ काका, हात काढा ना, क्या चल रहा है?" मामा शांतपणे म्हणाले, "तळहाताला मुंग्या येतात ना रे तुझ्या?" पोरगा आपल्याच तळहाताकडे बघायला लागला, कारण मुंग्या येत होत्या. मग काय, तिथल्या एसटी डेपोच्या भिंतीकडेला दोन्ही गाड्या लागल्या. मामांच्या पिशवीत जुनी ग्रिप असतेच, जशी इतरांच्या पिशवीत छत्री असते. पोरगा म्हणत राहिला, "काका, सोडा ना, तिकडे बॉस बोंबलतोय," आणि मी ज्या कामाला निघालेलो ते काम आजतागायत झालेलं नाही.

ग्रिप काढण्याची त्यांची रीत बघण्यासारखी आहे. ब्लेडने कापून काढणाऱ्या माणसाशी ते बोलत नाहीत. "कापायला तो काय दुधी आहे?" टोक घासून बोथट केलेली सायकलच्या चाकाची तार ते ग्रिपखाली हळूच सरकवतात, साबणाचं पाणी सोडतात, आणि मग लहान मुलाचं झबलं उतरवावं तशी गोंजारत, फिरवत ती बाहेर घेतात. बसवताना हँडल पेट्रोलने पुसून घेतात आणि आत मामींचा हेअर स्प्रे मारतात. तो वाळला की रबर पक्कं धरतं म्हणे. बाटली कुठल्याशा लग्नात मामींना भेट आलेली. "माझ्या केसांना एक थेंब लागला नाही," मामी म्हणायच्या, "यांची गाडी मात्र नवरीसारखी नटते." मामींचा राग एवढाच. एरवी त्या मामांकडे प्रेमळ दुर्लक्षाने बघत भाजी निवडायच्या.

गेल्या वर्षी मामी बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं, पण घरी आल्यावर मामी उठेचनात. डॉक्टरांनी बजावलं की आत्ता चालल्या नाहीत तर पुढे चालायचं विसरा. मामांनी चाकांचा वॉकर आणला, सायकलसारखी दोन हँडलं असलेला. मामींनी एकदा हात लावला आणि म्हणाल्या, "टोचतंय. मी नाही उठत." खरं कारण भीती होती, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. मामांना मात्र टोचतंय एवढंच ऐकू आलं, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. ते तडक खाली गेले आणि स्वतःच्या गाडीच्या दोन्ही ग्रिपा काढून घेऊन आले. मी म्हटलं, मामा, नव्या आणतो. तर म्हणाले, "नवी ग्रिप नव्या चपलेसारखी चावते. तिला हातात मुरलेली हवी."

आणि इथे मामा चुकले. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही ग्रिपमध्ये. गाडीच्या उजव्या हाताला अ‍ॅक्सिलरेटरची नळी असते, म्हणून उजव्या ग्रिपचं भोक डावीपेक्षा मोठं असतं. हे मामांनी मला किमान शंभरदा ऐकवलेलं. पण इतक्या वर्षांची सवय, उजव्या हाताला उजवी ग्रिप बसवून मोकळे झाले. वॉकरला कुठला आलाय अ‍ॅक्सिलरेटर? मामी आमच्या आग्रहाखातर कशाबशा उभ्या राहिल्या, भार टाकला, आणि उजवी ग्रिप त्यांच्या मुठीत गर्रकन फिरली. आम्ही धरलं म्हणून वाचल्या. पलंगावर बसून त्या म्हणाल्या, "आता मला कुणी उठ म्हणू नका," आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मामा बाल्कनीत जाऊन उभे राहिले. मी इतकी वर्षं त्यांची चेष्टा करत आलोय, पण त्या वेळी मला फार वाईट वाटलं. बऱ्याच वेळाने ते आत आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "जावईबापू, तुमची डावी ग्रिप द्याल का?"

आता हे का विचारायचं असतं? आम्ही दोघं खाली गेलो. माझी ग्रिप काढताना मामा तार सरकवत होते, मी साबणाचं पाणी सोडत होतो. वर आणून त्यांनी ती मामींच्या समोर वॉकरच्या उजव्या बाजूला बसवली, स्वतः सगळा भार टाकून पाहिली, आणि जाहीर केलं की वाळेपर्यंत, म्हणजे उद्या सकाळपर्यंत, वॉकरला कुणी हात लावायचा नाही. मामी भिंतीकडे तोंड करूनच होत्या. मी हँडलला फडकं गुंडाळून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन आला. म्हणाले, "सकाळी चहा पाजत होतो तर म्हणाली, अहो, वाळलं का ते? मला उठायचंय." त्या दिवशी मामी दारापर्यंत जाऊन आल्या.

नंतर एकदा मी मामांच्या गाडीसाठी ग्रिपा घेऊन गेलो. त्यांनी त्या हातात घेतल्या, दाबून बघितल्या, चांगल्या आहेत म्हणाले आणि परत दिल्या. "हिला आता मागे बसायला डॉक्टरांनी मनाई केलीय. एकटा कुठे जाऊ मी?" तेव्हा मला आठवलं, लग्न झाल्यापासून मामी मागे बसल्याशिवाय ते कधी संध्याकाळी बाहेर पडलेले नाहीत. गाडी आता कव्हरखाली असते.

परवा गेलो तर दोघं सोसायटीच्या आवारात होती. मामी वॉकर धरून चालत होत्या, मामा त्यांच्या पाठीमागे, अगदी एका हाताच्या अंतरावर. वळणावर मामी थबकल्या, घाबरल्या असाव्यात. मामा पुढे आले नाहीत. मागूनच म्हणाले, "चालव तू. मी बसलोय मागे."