नेपच्यून तारनाक्याला

कुणी अंतर सांगितलं की ते चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "गाडीनं किती?" भाचीला पुण्यात नोकरी लागल्याचं मी सांगितलं, तर अभिनंदनाच्या आधी हाच प्रश्न आला. रेल्वेच्या वेळापत्रक विभागात उभा जन्म गेलेला माणूस, मीही तिथंच कामाला. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. पण आमचे हे गृहस्थ गुरू-शनीलासुद्धा गाडीनंच जात.

"ताशी शंभरनं, कुठं न थांबता, गुरूला सातशे वर्षं," ऑफिसात डबा उघडता उघडता ते सांगत. "नेपच्यूनला पाच हजार. अन् आपली गाडी कधी सरळ शंभरनं चाललीय?"

निवृत्त झाल्यावर त्यांनी अख्खी सूर्यमालाच आमच्या मोहल्ल्यात, काचीगुड्यात आणली. माझ्या घरापासून दोन घरं सोडून ते एकटेच राहत. थंडीतल्या एका रविवारी गल्लीतली पोरं जमवायची आणि सूर्यापासून चालायला निघायचं, हा त्यांचा दर वर्षीचा नेम. सूर्य म्हणजे त्यांच्या घराच्या भिंतीवर खडूनं काढलेलं पुरुषभर उंचीचं वर्तुळ. त्या मापानं पृथ्वी एक गोटी, ती दोनशे मीटरवरच्या इराणी हॉटेलच्या खिडकीत. किलोमीटरभर गेलं की गुरू, म्हणजे शहाळं. पुढे शनी, जरा लहान शहाळं, त्याला पुठ्ठ्याचं कडं. ही अंतरं त्यांनी स्कूटरच्या मीटरवर मोजून ठेवली होती आणि त्यात कुणाचंही ऐकत नसत.

शनी गेला की पोरं कंटाळायची. "काका, आता मधे काय आहे?"

"काही नाही. चाला."

युरेनस म्हणजे मोसंबं, अंबरपेठेत, एका ओळखीच्या शिंप्याच्या टेबलावर. ते मोसंबं तिथं ठेवलं की ते थांबत. नेपच्यूनचं मोसंबं माझ्या हातात देत आणि म्हणत, "पुढं मी नक्को, बाई. तुमची बहीण तिकडंच राहते ना? तुम्हीच ठेवून या." अजून दोन किलोमीटर पुढं, तारनाक्याला, एका ठरावीक घराच्या फाटकाच्या खांबावर ते ठेवायचं आणि भोवती खडूचं वर्तुळ काढायचं. मी गुपचूप ठेवून यायची.

तिसऱ्या वर्षी मी विचारलंच, घर कुणाचं?

"धाकट्या भावाचं," ते म्हणाले. "आई शेवटी आजारी होती, तेव्हा त्याच्याकडं नेऊन ठेव म्हणायची. त्यानं नवीन घर बांधलं होतं, तिनं ते बघितलं नव्हतं. मी म्हणालो, लांब पडतं, तुला सोसायचं नाही. सहा किलोमीटर, बाई. आई गेली, तेव्हापासून तो बोलत नाही. बरोबर आहे त्याचं." मग चष्मा पुसत बसले.

त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या हातून घोटाळा झाला. बसमधल्या गर्दीत मोसंबं चेंगरलं. तारनाक्याला उतरून बघते तर फळांची गाडीच नाही. भाजीवालीकडून एक मोठंसं लिंबू घेतलं आणि खांबावर ठेवलं. लिंबू, भोवती पांढरं वर्तुळ. माझ्या डोक्यात तेव्हा फक्त माप होतं.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहा घेत असताना त्यांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू यायचं म्हणून फोन कायम स्पीकरवर.

"दादा, करणी, बाणामती करायलास का माझ्यावर? सून घाबरून देवापाशी बसलीय. शेजारीण म्हणते, इथं बहीण राहते त्या काचीगुड्याच्या बाई ठेवून गेल्या, तुझ्या गल्लीतल्या."

मी कप खाली ठेवला. नऊ वर्षांनी भाऊ बोलला होता आणि तो हे बोलला होता.

ते शांतपणे म्हणाले, "तो नेपच्यून आहे."

"काय?"

"शेवटचा ग्रह. दर वर्षी ठेवतो तुझ्या दारात."

मग, "ते मोसंबं तूच ठेवायचास? मला वाटलं, पूजेचं कुणीतरी विसरून जातंय." पुढं म्हणाला, "मग स्वतः का येत नाहीस? लांब पडतं का?"

त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "यानाला तिथं पोचायला बारा वर्षं लागली होती. तू नऊतच पोचलास."

पुढच्या रविवारी ते एकटेच निघाले आणि अंबरपेठेत थांबले नाहीत. त्यानंतर तीन वर्षं आमची वरात तारनाक्यापर्यंत जायची. धाकटे फाटकात उभे असायचे. हे म्हणायचे, "सूर्यापासून चालत आलोय, पाणी आण." दोघं ओट्यावर बसून मोसंबं सोलून खायचे आणि पोरांना फोडी द्यायचे.

गेल्या पावसाळ्यात ते गेले. यंदा नेम मोडायचा नाही म्हणून रविवारी सकाळी मी शहाळी, गोटी, खडू घेऊन त्यांच्या घरापाशी गेले. दाराला कुलूप होतं. भिंतीवरचं वर्तुळ पावसानं पुसट झालेलं आणि त्याच्यासमोर धाकटे उभे. धुळीनं भरलेल्या चपला, हातात मोसंबं.

"चालतच आलो," ते म्हणाले. "दर वर्षी तोच यायचा. मला वाटलं, बघावं तरी, आईला किती लांब पडलं असतं."

मी विचारलं, "मग?"

त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला आणि सूर्य पुन्हा गिरवायला लागले.